निकालानंतरचे पंधरा महिने

पदवीधरांना नोकरी का मिळत नाही, या प्रश्नावर एक उत्तर कायम तयार असतं: त्यांच्याकडे कौशल्यं नाहीत. उद्योजक परिषदांमध्ये हे बोलतात, कुलगुरू दीक्षान्त समारंभात बोलतात आणि हल्ली पदवीधर स्वतःबद्दलही तेच बोलायला लागले आहेत. हे उत्तर साफ खोटं आहे असं नाही, पण फार सोयीचं आहे. दोष एकदा उमेदवाराच्या माथी मारला की विद्यापीठाला निकाल लावून हात झटकता येतात आणि कंपनीला शिकवण्याचा खर्च वाचवता येतो. शेवटच्या पेपरपासून पहिल्या नोकरीत पाय रोवेपर्यंतचा जो वर्ष-सव्वा वर्षाचा काळ असतो, त्याची जबाबदारी आज कोणाकडेच नाही. पदवीधरांचं मोठं नुकसान त्या काळात होतं आणि कौशल्याच्या कुठल्याही कोर्सने ते भरून निघत नाही.

आधी मोजमापाबद्दल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं ‘९० टक्के प्लेसमेंट’ कसं तयार होतं ते पाहा. समजा एका विभागातून २०० विद्यार्थी उत्तीर्ण झाले. प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलं १२० जणांनी. त्यातल्या ३० जणांचे गुण ठरवलेल्या मर्यादेच्या खाली, किंवा मधल्या एखाद्या सत्रात विषय राहिलेला, म्हणून ते अपात्र. उरले ९०. या ९० जणांना मिळून ८१ ऑफर आल्या. झाले ९० टक्के. पण त्यातल्या १५ ऑफर अशांना आल्या ज्यांच्या हातात आधीच एक होती. म्हणजे माणसं ६६. त्यांपैकी ९ जणांची रुजू होण्याची तारीख कंपनीने पुढे ढकलत ढकलत शेवटी दिलीच नाही. प्रत्यक्ष कामावर गेले ५७. दोनशेपैकी सत्तावन्न म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक गाळणी प्रत्यक्षात वापरली जाते आणि गंमत म्हणजे एकाही पायरीवर कोणी खोटं बोललेलं नसतं. नाव न नोंदवलेल्या ८० जणांतले काही पुढे शिकायला गेले असतील, काही घरच्या धंद्यात. किती, ते माहितीपत्रक सांगत नाही.

आकडा कधी घेतला, यानेही चित्र बदलतं. ब्रिटनमध्ये पदवीधरांची पाहणी पूर्वी अभ्यासक्रम संपल्यावर साधारण सहा महिन्यांनी व्हायची. २०१७-१८ मध्ये बाहेर पडलेल्या तुकडीपासून ती सुमारे १५ महिन्यांनी होऊ लागली. सहा महिन्यांत बरेच जण हाताला लागेल ते काम धरून बसलेले असतात, त्यामुळे तेव्हाचा फोटो काढून काही कळत नाही. शिवाय ‘रोजगारात आहे’ म्हणजे काय? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मापदंडानुसार पाहणीच्या आठवड्यात मोबदला घेऊन एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. आणि जो अर्जच करत नाही, पुढच्या परीक्षेची तयारी करत घरी बसला आहे, तो बेरोजगारही धरला जात नाही. तो श्रमबाजाराच्या बाहेरचा. देशादेशांची तुलना करायला ही व्याख्या ठीक आहे. पण आठवड्याला दोन शिकवण्या घेणारी विज्ञानाची पदवीधर ‘कामाला लागली’ असं त्यावरून म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आता अडतं कुठे ते पाहू. विद्यापीठ वर्षातून एकदा सगळ्यांना एकदम बाहेर सोडतं. जागा मात्र वर्षभर सुट्या सुट्या निघतात. जागा निघते ती बहुधा कोणीतरी राजीनामा दिल्यावर. जाणाऱ्याचा नोटीस पिरियड एक ते तीन महिन्यांचा, आणि तेवढ्यातच वरिष्ठांची मंजुरी, जाहिरात, मुलाखती, ऑफर हे सगळं उरकायचं असतं. म्हणून कंपनीला हवा असतो ‘लगेच रुजू होणारा’. शेवटच्या सत्रातला विद्यार्थी सहा महिने आधी चौकशीला गेला तर ‘निकाल लागल्यावर या’ असं उत्तर मिळतं. निकालानंतर गेला तर त्याच आठवड्यात त्याच्यासारखे शेकडो दारात उभे. वर्षभर आधी घाऊक भरती करणं फक्त मोठ्या कंपन्यांना परवडतं. लहान कंपन्या एकेक माणूस घेतात आणि कॅम्पसवर कधी फिरकतही नाहीत. तरी कॉलेजातली सगळी तयारी चालते ती मोठ्यांच्या परीक्षेची: गणिती कोडी, गटचर्चा, टाय कसा बांधायचा. लहान कंपनी कशी शोधायची, तिथे कोणाला लिहायचं, हे कोणी शिकवत नाही.

त्यात कागदपत्रांचा घोळ. रुजू होताना सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र लागतं. मग पडताळणी करणारी संस्था विद्यापीठाला पत्र पाठवते आणि उत्तराची वाट बघते. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, ओळखपत्रावर नाहीच, पदवीवर स्पेलिंग तिसरंच, असं निघालं की फाइल तिथे थांबते. हे तपासायला अर्धा तास पुरतो, पण तो शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला द्यावा लागतो. दुरुस्तीच्या अर्जाला महिनेही लागू शकतात. पुनर्मूल्यांकनात निकाल अडकला तर आणखी उशीर. दीड महिन्याचा उशीर ऐकायला किरकोळ वाटतो. पण कंपनी वर्षातून एकदाच तुकडी घेत असेल, तर दीड महिन्याच्या उशिराने वर्ष जातं, आणि पुढच्या वर्षी हा उमेदवार ‘मागच्या वर्षीचा’ ठरतो.

मागच्या वर्षीचा ठरण्याची किंमत काय असते, हे जपानने फार जवळून पाहिलं. तिथे नव्या पदवीधरांची एकगठ्ठा भरती होते आणि सगळे एप्रिलमध्ये रुजू होतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, कंपन्यांनी नवी भरती आखडती घेतली, आणि १९९३ च्या आसपासपासून पुढची दहाएक वर्षं ज्यांनी पदवी घेतली त्यांची ती एकुलती एक संधी हुकली. त्या काळाला तिथे ‘रोजगाराचं हिमयुग’ म्हणतात. त्यातले बरेच जण हंगामी करारांवरच राहिले, आणि चाळिशीत पोचलेल्या त्या पिढीसाठी सरकारला २०२० पासून खास योजना राबवावी लागली. कॅनडातल्या पदवीधरांवरचा २०१२ चा एक नावाजलेला अभ्यास सांगतो की मंदीत बाहेर पडणाऱ्याची सुरुवातीची कमाई साधारण ९ टक्क्यांनी कमी असते आणि ती तूट भरून यायला दहा वर्षं लागतात. अमेरिकेत १९७९ ते १९८९ दरम्यान पदवी घेतलेल्यांच्या अभ्यासात तर पंधरा वर्षांनंतरही फरक दिसत होता. याच मुलांनी दोन वर्षं आधी किंवा नंतर पदवी घेतली असती, तर त्यांची कौशल्यं तीच राहिली असती आणि कमाई वेगळी झाली असती. कॅनडाच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र हाती धरण्यासारखी आहे: ज्यांची तूट भरून निघाली, त्यांनी पहिल्या काही वर्षांत हळूहळू अधिक चांगल्या कंपन्यांकडे नोकऱ्या बदलल्या होत्या. ‘सारख्या नोकऱ्या बदलू नकोस’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मंदीत लागलेल्या पहिल्या नोकरीला लागू पडत नाही.

अर्जांची गोष्ट वेगळ्याच वळणाची आहे. बटण दाबलं की अर्ज जातो, म्हणून उमेदवार दिवसाला चाळीस-पन्नास अर्ज टाकतो. सगळेच टाकतात, म्हणून एका जागेला शेकड्याने अर्ज येतात. वाचणारा एचआरमधला माणूस एकच, त्यामुळे कंपनी चाळण्या लावते. चाळण्यांमुळे उत्तर येत नाही, म्हणून उमेदवार आणखी अर्ज टाकतो. आता अर्ज एआयकडून लिहून घेतले जातात आणि एआयकडूनच वाचून घेतले जातात. यात दोन्ही बाजू आपापल्या परीने शहाणपणानेच वागतात, आणि एकूण कारभार मात्र असा होऊन बसतो की कोणालाच योग्य माणूस किंवा योग्य जागा सापडत नाही.

यंत्र सीव्ही वाचून गुण देतं आणि नापास करतं, अशी एक भीती पसरली आहे. नकार बहुतेक वेळा त्याहून साध्या जागी होतो: अर्जासोबतच्या ठरावीक प्रश्नांवर. कधी रुजू होऊ शकाल, पदवीचं वर्ष कोणतं, पगाराची अपेक्षा किती, त्या शहरात राहता का. यातलं एक उत्तर कंपनीच्या अटीत बसलं नाही की अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत जातच नाही. त्यामुळे हे प्रश्न घाईघाईत भरायचे नसतात. सीव्हीचा घोळ असतो तो मांडणीचा. दोन रकान्यांचा सुबक सीव्ही सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे सलग वाचू शकतं आणि मग पदवीच्या ओळीत छंद शिरतात. शीर्षपट्टीत (हेडरमध्ये) लिहिलेला फोन नंबर गळू शकतो, कौशल्यांपुढचे पाचपैकी चार तारे कशातच मोजले जात नाहीत. एक रकाना, साधी शीर्षकं, चित्रं-तक्ते नाहीत, एक पान. फाइल जतन केल्यावर त्यातला सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे जो क्रम दिसतो, साधारण तोच समोरच्या यंत्राला दिसतो.

जाहिरातीही कशा असतात! ‘फ्रेशर हवेत. दोन वर्षांचा अनुभव आवश्यक. दबावाखाली काम करण्याची तयारी. पगार उद्योगातील मानकांनुसार.’ या चार वाक्यांत पहिली दोन एकमेकांना खोटं पाडतात, तिसऱ्याचा अर्थ बहुधा माणसं कमी आहेत, आणि चौथ्यात काहीच सांगितलेलं नाही. दोन वर्षांचा अनुभव का मागतात? कारण पदवी पुरेशी खूण राहिलेली नाही. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की मालकाला उमेदवाराची क्षमता आधी दिसत नाही, म्हणून तो महाग पडणाऱ्या खुणांवर विश्वास ठेवतो, आणि पदवी ही तशी एक खूण आहे. पदवी सगळ्यांकडेच आली की मालक पुढची खूण मागतो: अनुभव, इंटर्नशिप. इंटर्नशिप बिनपगारी असेल तर ती करणं परवडतं कोणाला? ज्याच्या घरून तीन महिने खर्च निघतो त्याला. म्हणजे खूण श्रमाची राहत नाही, घरच्या ऐपतीची होते. दुसरीकडे जिथे पदवीची गरज नव्हती तिथेही ती मागायची पद्धत पडली आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०१७ च्या अहवालात अमेरिकेतल्या उत्पादन पर्यवेक्षकांचं उदाहरण होतं: ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितलेली, आणि प्रत्यक्ष ते काम करणाऱ्यांत पदवीधर होते १६ टक्के.

आणि आता ‘कौशल्य नाही’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. कौशल्य मोजता कसं? निवडीच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. उमेदवार पुढे काम कसं करेल याचा अंदाज कशावरून किती बरोबर येतो, हे त्यांनी ० ते १ या मोजपट्टीवर मांडलं. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला तर ०.५४, सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून गुण दिले तर ०.५१, शिक्षणाची वर्षं पाहिली तर फक्त ०.१०. २०२२ च्या फेरतपासणीत हे आकडे बरेच खाली आले, पण सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारी आखीव मुलाखत त्यातही सर्वांत वर राहिली. तरीही मुलाखती चालतात त्या ‘स्वतःबद्दल काही सांगा’ आणि ‘पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल’ या वळणाने. दोन तासांचा कामाचा नमुना देऊन, तो आधीच ठरवलेल्या निकषांवर तपासणाऱ्या कंपन्या मोजक्या. (आणि दोन तासांचं म्हणून तीन दिवसांचं फुकट काम करून घेणाऱ्या बऱ्याच. नमुना फार तर दोन तासांचा असावा, त्याहून जास्त असेल तर त्याचे पैसे मिळावेत.) न मोजलेल्या गोष्टीची टंचाई आहे असं छातीठोकपणे सांगणं मला पटत नाही.

‘ओळखी काढा’ हा सल्ला पदवीधर ऐकून ऐकून कंटाळलेले असतात, पण त्यात तथ्य आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या संशोधनात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची त्या ओळखीच्या माणसाशी भेट अधूनमधूनच व्हायची. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. लांबच्या ओळखीतून नवी बातमी येते. लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतूनही साधारण हेच निघालं, मध्यम विरळ ओळख सर्वांत उपयोगी. मात्र विचारायचं कसं, याची रीत असते. पाच-सहा ओळींचा निरोप: आपण कोण, त्यांचं नाव कुठून मिळालं, आणि दहा मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच नेमका प्रश्न. ‘तुमच्या विभागात नवीन माणसाला पहिले तीन महिने काय काम असतं?’ हा प्रश्न चालतो. ‘काही ओपनिंग असेल तर बघा ना’ याला उत्तर येत नाही, कारण त्यात समोरच्याला करण्यासारखं काहीच नसतं. सीव्ही मागितल्यावर द्यावा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण, मग सोडून द्यावं. पण ज्याच्या घराण्यात कोणी कचेरीची पायरी चढलेलं नाही, त्याने ही विरळ ओळख आणायची कुठून? ती देण्याची ताकद विद्यापीठाकडे आहे. त्याच्याकडे माजी विद्यार्थ्यांची यादी असते. ती वापरली जाते देणग्या आणि स्नेहमेळाव्यांसाठी.

मग शांतता सुरू होते. परीक्षेत नापास झालं तरी गुण कळतात, कुठल्या विषयात किती कमी पडले ते कळतं. इथे नकारही येत नाही. सोळा-सतरा वर्षं दर सहा महिन्यांनी निकाल घेण्याची सवय लागलेल्या माणसाला हे फार जड जातं, आणि रिकामी जागा तो स्वतःच्या दोषांनी भरत बसतो. घरचे म्हणतात, वेळ आहे तर काहीतरी नवीन शिकून घे. वेळ असला म्हणजे तो वापरता येतोच असं नसतं. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडल्यावर सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यावरून सावकाश चालायला लागले होते. कामाने फक्त पैसे मिळत नाहीत, दिवसाला आकारही मिळतो. तो गेला की शिकण्याची इच्छाही आटते. म्हणून या काळात कोर्सपेक्षा बांधून घेतलेला दिवस जास्त कामाला येतो: सकाळी तीन तास अर्ज, तेही आठवड्याला दहा-बाराच पण प्रत्येक जागेसाठी वेगळा लिहिलेला, आणि घराबाहेर जाऊन करण्याचं एखादं ठरलेलं काम, बिनमहत्त्वाचं का असेना.

शांतता लांबली की तीच पुढच्या नकाराचं कारण बनते. अमेरिकेतल्या शंभर शहरांत सुमारे बारा हजार बनावट सीव्ही पाठवून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाकी सगळं सारखं, फक्त रिकामा काळ वेगवेगळा. तो काळ जसा वाढला तसे मुलाखतीचे फोन कमी झाले, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. कंटाळून मग पदवी न लागणारं काम धरलं जातं. त्यातही तात्पुरतं असं काही नसतं: २०२४ च्या एका अमेरिकी अहवालानुसार पदवीनंतर वर्षभराने निम्म्याहून थोडे अधिक पदवीधर अशा कामांत होते, आणि सुरुवातीला तिथे अडकलेल्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश दहा वर्षांनीही तिथेच. यात मुळातच मागे असलेले काही जण असणार हे मान्य. तरीही ‘आत्ता काहीही धर, नंतर बघू’ हा सल्ला देताना हात थोडा आखडता घ्यायला हवा. घर चालवायला असं काम धरावंच लागलं, तर आठवड्यातले ठरावीक तास आपल्या विषयासाठी बांधून ठेवण्याला पर्याय नाही.

ऑफर आल्यावर संपलं, असं वाटतं. ऑफर लेटरमध्ये मोठा दिसतो तो वार्षिक आकडा. त्यातून कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा आणि तुमचा हिस्सा, विम्याचा हप्ता आणि कर वजा करून बारा महिन्यांनी भागल्यावर हातात येणारी रक्कम निघते. ती एचआरकडून लेखी मागावी, त्यात संकोच नको. प्रोबेशन किती, त्या काळात नोटीस किती आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बघावं. प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याची अट असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात: रक्कम कशी काढली, दर महिन्याला ती कमी होते का, आणि कंपनीनेच काढून टाकलं तरी ती द्यावी लागेल का. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, प्रत द्यायची आणि परत घेऊन यायची. कुठल्याही कारणाने ठेवून द्यायची नाहीत. अजून एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे अनेकांची पहिल्याच महिन्यात उसनवारी होते. पगाराचा हिशेब महिन्याच्या ठरावीक तारखेला बंद होतो. ती तारीख १८ असेल आणि तुम्ही २० ला रुजू झालात, तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे सुमारे चाळीस दिवसांनी. तोवर नव्या शहरातलं घरभाडं, अनामत, प्रवास. रुजू होण्याची तारीख ठरवताना हे विचारलं तर दोन दिवस अलीकडे येता येतं. कंपनीने पहिल्या आठवड्यात थोडी उचल दिली तर हा प्रश्नच मिटेल, पण ते कोणाला सुचत नाही, कारण ठरवणाऱ्यांना पहिला पगार मिळून वीस वर्षं झालेली असतात.

कामावरची पहिली ठेच बहुतेक वेळा ज्ञानाची नसतेच. वरिष्ठांचा निरोप येतो: ‘मागच्या तिमाहीचे आकडे जरा बघून दे.’ नवा माणूस दोन दिवस खपून बारा पानांचा अहवाल करतो. वरिष्ठांना हव्या होत्या तीन ओळी, त्याच दुपारी चारच्या बैठकीआधी. प्रश्नपत्रिकेत वेळ, गुण आणि लागणारी सगळी माहिती छापलेली असते. कामाच्या निरोपात यातलं काहीच नसतं, आणि ते आपण विचारायचं असतं हे कोणी सांगत नाही. हे कोणासाठी आहे? कधीपर्यंत? किती अचूक हवं? कोणत्या स्वरूपात? मागच्या वेळचा नमुना आहे का? पाच प्रश्न, दोन मिनिटं. विचारलं तर मूर्ख ठरू, या भीतीने नवा माणूस गप्प राहतो आणि प्रोबेशनच्या शेवटी शेरा मिळतो: ‘पुढाकार कमी’. कौशल्याच्या टंचाईच्या नावाखाली ज्या तक्रारी होतात, त्यातल्या कितीतरी या जातीच्या असतात. एक समजूतदार सहकारी पहिले तीन महिने शेजारी बसवला तरी त्या मिटतील.

यावर मालकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही: आम्ही शिकवायचं आणि शिकलेला माणूस शेजारच्या कंपनीने पळवायचा. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये हेच तर्कशुद्धपणे मांडलं होतं. सगळीकडे उपयोगी पडणारं शिक्षण असेल तर त्याचा खर्च मालक उचलणार नाही, कामगार कमी पगार घेऊन तो स्वतः उचलेल. पण कमी पगारावर नव्या शहरात राहता येईल इतकं घरून पाठबळ असणाऱ्यालाच ते शक्य होतं; आणि पळवापळवी रोखायला बॉन्ड लिहून घेणं म्हणजे बाजाराची अडचण सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलणं. खर्च वाटून घेतला तर पळवापळवीची धार कमी होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त वेतनखर्च असलेल्या मालकांकडून शिकाऊ उमेदवारीसाठी ०.५ टक्के आकार घेतला जाऊ लागला. शिकवणारा तो वापरून घेतो, न शिकवणारा नुसताच भरतो. भारतातही १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ मध्ये अभियांत्रिकीच्या पदवीधरांचा समावेश झाला, आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं. यंत्रणा आहे, ती वापरणारे कमी पडतात.

भरतीच्या शिष्टाचारालाही कायद्याची धार देता येते, हे आता दिसलं आहे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या मालकाने मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही ते ४५ दिवसांत उमेदवाराला कळवावं लागतं. जाहिरातीतली जागा खरोखर रिकामी आहे का, हेही लिहावं लागतं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशाने मुलाखतीआधी पगाराची माहिती देणं बंधनकारक केलं आणि आधीचा पगार विचारायला मनाई केली. देशांना कायदे करण्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिली. त्याच संघाने २०१३ मध्ये तरुणांना हमी दिली होती: शिक्षण संपल्यावर किंवा बेकार झाल्यावर चार महिन्यांत नोकरी, पुढचं शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी चांगलं देऊ. अंमलबजावणी देशागणिक कमी-जास्त झाली, पण चार महिने ही रेघ ओढली गेली हे महत्त्वाचं. जपानने २०१० मध्येच कंपन्यांना सूचना केली की पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत उमेदवाराला नवा पदवीधर म्हणूनच अर्ज करू द्यावा. यातली शेवटची गोष्ट करायला पैसा लागत नाही. जाहिरातीतली ‘फक्त चालू वर्षाचे पदवीधर’ ही ओळ खोडायची आहे.

उरली विद्यापीठं. त्यांनी एवढंच करायचं: निकालाबरोबर त्याच दिवशी तात्पुरतं प्रमाणपत्र, पंधरा महिने ईमेलचा पत्ता आणि वाचनालय चालू, आणि तीन फोन: पहिल्या, सहाव्या आणि पंधराव्या महिन्यात. माणूसबळ नाही, असं लगेच ऐकू येईल. हिशेब करू. २०० विद्यार्थी, प्रत्येकाशी दहा मिनिटं, म्हणजे सुमारे ३३ तास. तीन फेऱ्यांचे १००. फोन न उचलणाऱ्यांचा पाठलाग धरून दुप्पट केले तरी २००. एका माणसाचं वर्षातलं पाच आठवड्यांचं काम. पहिल्या फोनला विचारायचं की कागदपत्रं मिळाली का आणि अर्ज कुठे अडतात. सहाव्या महिन्याला अजून घरी असलेल्यांची नावं वेगळी काढायची आणि प्रत्येकाला त्याच्या विषयातल्या दोन माजी विद्यार्थ्यांशी जोडून द्यायचं. पंधराव्या महिन्याला मिळालेली उत्तरं माहितीपत्रकात जशीच्या तशी छापायची: उत्तीर्ण किती, संपर्क किती जणांशी झाला, कामावर किती, त्यातल्या किती जणांच्या कामाला ही पदवी लागते, पुढे शिकायला किती गेले. ३० जणांनी तिन्ही वेळा फोन उचलला नसेल तर तो आकडाही छापायचा, आणि टक्केवारी काढताना खाली २००च ठेवायचे.